फ्लोरिडाच्या गल्फ किनाऱ्यावर तीन महिने: राहावे कोठे आणि स्थानिक खावे कोठे?

मालवणी_मिसिसॉगा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी आणि माझी पत्नी दोघेही यंदा नोकरीतून निवृत्त झालो असून, बर्फ उपसण्यातून एक हिवाळा तरी सुटका व्हावी या हेतूने जानेवारीच्या आरंभापासून मार्चअखेरपर्यंत फ्लोरिडाच्या गल्फ किनाऱ्यावर भाड्याने घर घेऊन राहण्याचे ठरवले आहे. आमचे कॅनेडियन शेजारी वर्षानुवर्षे असे स्नोबर्ड म्हणून जातात, परंतु त्यांचा सल्ला गोल्फचे मैदान आणि पोहण्याचा तलाव यांपलीकडे जात नाही. आम्ही गोल्फ खेळत नाही. आमची आवड खाण्याची आहे, आणि तिथेच आमच्या घरात दोन पक्ष आहेत: मी मालवणकडचा, काट्यासकट मासा खाणारा, पत्नी शाकाहारी, अंडे चालते परंतु मासे आणि मांस मुळीच नाही. मला मधुमेह आहे, हेही सांगून ठेवतो.

भारतीय उपाहारगृहांची यादी आम्हांला नको आहे, कारण ती आमच्या मिसिसॉगात (कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात) पावलोपावली आहेत. त्या किनाऱ्यावरचे लोक स्वतः जे खातात आणि जिथे खातात, ते जाणून घ्यायचे आहे. टॅम्पा, सॅरासोटा आणि फोर्ट मायर्स या तिन्ही भागांतली घरे आम्ही संगणकावर पाहिली. सर्वांची छायाचित्रे सारखीच दिसतात आणि प्रत्येक उपाहारगृह स्वतःला 'अस्सल स्थानिक' म्हणवते. तेथे राहिलेल्या मराठी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. जानेवारीत समुद्रात पोहता येते का, हेही सांगावे. मुलांनी आम्हांला तसे चित्र रंगवून दाखवले आहे.

---

किनारी_अण्णा

नमस्कार. मी मिशिगनचा रहिवासी असून निवृत्तीनंतर हिवाळा ब्रेडन्टनच्या परिसरात काढतो.

पोहण्याचे आधी सांगतो, म्हणजे भ्रम राहणार नाही. जानेवारीत टॅम्पाजवळच्या गल्फचे पाणी साधारण १७-१८ अंश सेल्सिअस असते. दुपारी हवा २१-२२ अंशांपर्यंत जाते, उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली तर रात्री स्वेटर लागतो. वाळूत पाय पसरून बसायला हे हवामान उत्तम आहे. पाण्यात उतरलेला जो दिसेल तो बहुधा तुमच्याच ओंटारियोचा असेल. सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की बेटाची वाळू जवळजवळ शुद्ध गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची असल्यामुळे भर उन्हातही तापत नाही, आणि तिच्यावरून अनवाणी चालण्याचे सुख मार्चमध्ये विशेष जाणवते.

आता खाण्याकडे वळतो. ओहायो, मिशिगन, इंडियाना आणि ओंटारियोची माणसे आय-७५ महामार्गाने सरळ खाली गल्फ किनाऱ्यावर उतरतात, तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि क्वीबेककडची मंडळी आय-९५ धरून अटलांटिक किनाऱ्याला जातात. याचा परिणाम ताटावर झालेला आहे. गल्फ किनाऱ्यावरच्या सरसकट उपाहारगृहांत अमेरिकेच्या मध्यपश्चिमेच्या जिभेला झेपेल असेच अन्न मिळते: जाड आवरणातला तळलेला मासा, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर आणि बटाट्याचे काप. ते वाईट नसते, पण त्यासाठी दोन हजार किलोमीटर गाडी हाकण्याचे कारण नाही. म्हणून माझा नियम असा आहे की, जिथे अजूनही मासेमारीच्या होड्या धक्क्याला लागतात त्याच्या जवळ घर घ्यावे आणि समुद्राचा देखावा दाखवून दुप्पट दर लावणाऱ्या जागा सोडून द्याव्यात. या नियमाने मला ब्रेडन्टन आणि सॅरासोटा यांमधला पट्टा सर्वांत सोयीचा वाटतो.

याच पट्ट्यात कॉर्टेझ नावाचे कोळ्यांचे गाव आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरून आलेल्या मासेमार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते वसवले. फ्लोरिडात १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून किनाऱ्यालगत मासे अडकवणाऱ्या जाळ्यांवर बंदी आणली आणि ती १९९५ च्या जुलैपासून लागू झाली. त्यानंतर अशी बहुतेक गावे घरबांधणीवाल्यांच्या हाती गेली, पण कॉर्टेझ कसेबसे तग धरून राहिले. तेथील स्टार फिश कंपनी ही मासळीची जुनी पेढी असून तिच्या धक्क्यावरच लाकडी बाके मांडलेली आहेत. खिडकीशी रांग लावून मागणी नोंदवायची आणि नाव पुकारले की पुठ्ठ्याच्या खोक्यात अन्न घ्यायचे, अशी तिथली रीत आहे. पेलिकन पक्षी बाजूच्या खांबावर बसून तुमच्या खोक्याकडे लक्ष ठेवतात. जानेवारी ते मार्च हा गर्दीचा मोसम असल्यामुळे दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान तिथे जाणे म्हणजे दिवस फुकट घालवणे होय. सकाळी अकराला जावे किंवा दुपारी तीननंतर.

मालवणी माणसाने तिथे प्रथम मलेट घ्यावा. हा म्हणजे आपला बोय. अगदी तीच जात आपल्याकडे नदीच्या मुखाशी आणि खाडीत सापडते. अमेरिकेत इतरत्र याला गळाला लावायचे खाद्य समजतात, पण गल्फ किनाऱ्यावरच्या जुन्या रहिवाशांचा तो रोजचा मासा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तो अंडी घालण्यासाठी थव्याथव्याने खोल पाण्याकडे निघतो आणि तेव्हा तो गाबोळीने भरलेला असतो. जाळीबंदीनंतर कोळी पाग टाकून तो पकडतात. गाबोळीचा मोठा भाग आशियात निर्यात होतो, पण मोसमात धक्क्यावर विचारले तर मिळते. तळलेली गाबोळी आणि सोबत ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्यांची मऊ पेज, हा तिथला जुना घरगुती बेत आहे.

मलेटचा दुसरा प्रकार धुरावलेला. सेंट पीट बीचजवळ साउथ पॅसाडेना येथे टेड पीटर्स ही जागा १९५१ पासून चालू आहे. रेड ओकच्या लाकडाच्या धुरात मासा कित्येक तास ठेवतात, तेव्हा त्याची चरबी सुटून मांस तांबूस-सोनेरी होते. सोबत उकडलेल्या बटाट्यांची कोमट, आंबटसर कोशिंबीर मिळते. आपल्या सुक्या मासळीची सवय असलेल्या जिभेला हा धूर परका वाटत नाही.

ग्रूपर सँडविच हे या किनाऱ्याचे मानचिन्ह मानले जाते. ग्रूपर म्हणजे आपल्या हेकरूच्या कुळातला मासा. तो तव्यावर, ग्रिलवर, तळून किंवा 'ब्लॅकन्ड' म्हणजे मसाला लावून तापलेल्या लोखंडी तव्यावर काळपट भाजून देतात. आपण चौथा प्रकार घ्यावा, कारण तिखटाचे नाव घेण्याजोगा तोच आहे. यात फसवणूक मात्र जुनी आहे. २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग टाइम्स या वृत्तपत्राने उपाहारगृहांतल्या 'ग्रूपर'ची डीएनए तपासणी करून घेतली, तेव्हा त्यातल्या अनेक नमुन्यांत भलताच मासा निघाला. म्हणून 'आज ग्रूपर कोणता आहे, गॅग की रेड, आणि कोणत्या धक्क्यावरून आला?' असे सरळ विचारावे. ज्याला ठाऊक असते तो आनंदाने सांगतो, आणि जो उत्तर टाळून दराविषयीच बोलू लागतो त्याच्याकडे कोलंबी मागवावी.

स्टोन क्रॅब हा खेकडा फक्त हिवाळी मोसमात मिळतो: १५ ऑक्टोबर ते १ मे. कायद्याने अख्खा खेकडा घेता येत नाही. ठरावीक मापाची नांगी तोडून खेकडा परत पाण्यात सोडतात आणि पुढच्या काही काती टाकल्यावर त्याला नवी नांगी येते. (सगळेच खेकडे यातून जगतात असे नाही, तेव्हा याला फार अहिंसक समजू नये.) कच्ची नांगी गोठवली तर मांस कवचाला चिकटते, म्हणून होडी धक्क्याला लागताच नांग्या उकडतात आणि त्या थंडच, मोहरीच्या सॉसबरोबर वाढतात. कुर्ल्यांचा रस्सा खाल्लेल्या माणसाला थंड खेकडा खाणे प्रथम विचित्र वाटेल. तरीही मसाला न घालता एकदा खाऊन पाहावा, कारण त्याची मूळची गोडी कोणत्याही वाटणाखाली दबून जाईल अशी आहे. उपाहारगृहात हा पदार्थ महाग पडतो. मासळीच्या दुकानातून पौंडावर घेऊन घरी खाल्ल्यास खिशाला सोसतो. नांग्या तिथेच फोडून मागाव्यात, मात्र त्याच दिवशी संपवाव्यात.

फोर्ट मायर्सबद्दल एक इशारा. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन चक्रीवादळाने फोर्ट मायर्स बीच आणि सॅनिबेल बेट यांची दाणादाण उडवली, आणि २०२४ मध्ये हेलीन व मिल्टन ही दोन वादळे दोन आठवड्यांच्या अंतराने आमच्या भागावर आली. त्यांतले मिल्टन तर सिएस्टा कीवरच जमिनीला लागले. त्यामुळे पाण्यालगतच्या अनेक जुन्या खाणावळी बंद पडल्या, काही नव्या इमारतीत गेल्या, काहींचे मालक बदलले. इंटरनेटवरचे जुने अभिप्राय पाहून निघू नये, आदल्या दिवशी फोन करावा. घरमालकालाही वादळानंतर लिफ्ट, तलाव आणि समुद्राकडे जाणारा रस्ता चालू आहे का, हे लेखी विचारावे.

---

मंदा_टॅम्पा

अण्णांचे माशांविषयीचे ज्ञान मान्य करून मी वहिनींच्या बाजूने लिहिते. मी टॅम्पात पुष्कळ वर्षे राहते आणि पूर्ण शाकाहारी आहे.

या किनाऱ्यावर शाकाहारी माणसाची अडचण पदार्थांच्या टंचाईमुळे होत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्यामुळे होते. क्यूबन पाव अगदी निरागस दिसतो, पण परंपरेने त्यात डुकराची चरबी घालतात. काळ्या घेवड्याच्या उसळीत हॅमचा तुकडा शिजलेला असू शकतो, पिवळा भात कोंबडीच्या पाण्यात केलेला असतो, आणि दक्षिणी पद्धतीच्या कोलार्ड पालेभाजीत हाड टाकणे हा तर स्वयंपाकाचा पहिला धडा आहे. हश पपीज म्हणजे मक्याच्या पिठाची कांदा घातलेली भजी; ती शाकाहारी असतात, परंतु माशाच्याच तेलात तळली जातात. जेवण वाढणाऱ्या मुलीला 'यात मांस आहे का?' असे विचारल्यास ती प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण तिच्या दृष्टीने चरबी आणि पाणी म्हणजे मांस नव्हे. म्हणून 'लार्ड (डुकराची चरबी) आहे का, हॅम आहे का, कोणत्या पाण्यात शिजवले आणि कोणत्या तेलात तळले?' असे चार वेगळे प्रश्न विचारावेत. कोणी रागावत नाही.

तरीही वहिनींनी ईबोर सिटी चुकवू नये. सिगारच्या कारखान्यांसाठी १८८०च्या दशकात वसलेला हा टॅम्पाचा भाग क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलियन कामगारांचा होता. इटालियन शेजाऱ्यांमुळेच टॅम्पाच्या क्यूबन सँडविचमध्ये सलामी (खारवून वाळवलेल्या मांसाच्या चकत्या) असते आणि मायामीच्या सँडविचमध्ये ती नसते, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. दादांनी त्या वादात स्वतः चव घेऊन भाग घ्यावा. १९०५ मध्ये सुरू झालेले कोलंबिया हे फ्लोरिडातले सर्वांत जुने उपाहारगृह तिथेच आहे. त्यांची '१९०५' नावाची कोशिंबीर आपल्यासमोर कालवून देतात, पण तिच्यात मुळातच हॅम असते आणि वूस्टरशायर सॉस घालतात, ज्यात अँकोव्ही मासा असतो. दोन्ही वगळून कालवायला सांगितले तर तसे करून देतात. शिवाय सकाळी कोणत्याही साध्या क्यूबन उपाहारगृहात काफे कॉन लेचे मागवावी. कडक कॉफी आणि गरम दूध यांचे ते मिश्रण आपल्या लोकांना अमेरिकन कॉफीपेक्षा कितीतरी जवळचे वाटते. ईबोरच्या रस्त्यांवर कोंबड्या मोकळ्या फिरतात, त्यांना संरक्षण आहे; पाहून गावाकडची आठवण होते.

माझ्या मते शाकाहारी पाहुण्यांसाठी या किनाऱ्यावरचे सर्वांत मोकळे गाव टार्पन स्प्रिंग्ज आहे. १९०५ च्या सुमारास समुद्रातले स्पंज काढण्यासाठी डोडेकनीज बेटांवरून ग्रीक पाणबुडे इथे आणले गेले, आणि आजही धक्क्यालगतच्या रस्त्याचे नाव डोडेकनीज बुलेव्हार्ड असेच आहे. पालक आणि फेटा चीज भरलेली स्पॅनाकोपिता, टोमॅटोत शिजवलेला मोठा पांढरा घेवडा, ज्वाळा उठवून आणलेले सागानाकी चीज, द्राक्षाच्या पानांतला भात (यात खिमा नाही ना, हे विचारून घ्यावे) एवढ्यात वहिनींचे जेवण सुखाने होते. इथल्या ग्रीक कोशिंबिरीच्या तळाशी बटाट्याची कोशिंबीर दडवलेली असते. ती पद्धत ग्रीसमधली नसून टॅम्पा उपसागराच्या परिसरातली आहे. दादांनी भाजलेला ऑक्टोपस घ्यावा. ६ जानेवारीच्या आत पोहोचलात तर एपिफनी या ख्रिस्ती सणाचा सोहळा पाहता येईल: धर्मगुरू स्प्रिंग बायूच्या पाण्यात क्रूस फेकतात आणि १६ ते १८ वयाची मुले तो मिळवण्यासाठी त्या थंडगार पाण्यात उड्या घेतात. गर्दी प्रचंड असते, त्यामुळे त्या दिवशी जेवणाची आशा मात्र घरून डबा नेऊनच करावी.

सॅरासोटाजवळ राहिलात तर पाइनक्राफ्ट ही वस्ती पाहावीच. ओहायो, इंडियाना आणि पेनसिल्व्हेनियातले आमिश व मेनोनाइट या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांचे लोक हिवाळ्यात बसने तिथे येतात. घरी घोडागाडी वापरणारी ही माणसे इथे तीनचाकी सायकलींवरून फिरतात, छोट्या घरांत राहतात आणि संध्याकाळी बागेत शफलबोर्ड खेळतात. स्नोबर्ड म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गोल्फवाले येतात, पण मला तरी हेच स्नोबर्ड सर्वांत आनंदी दिसतात. १९७५ पासूनचे योडर्स हे तिथले प्रसिद्ध उपाहारगृह रविवारी बंद असते. शेंगदाण्याच्या लोण्याचा 'पाय' (सारण भरलेला गोड, भाजलेला पदार्थ), घरगुती पाव, कुस्करलेला बटाटा, शेवया असे साधे आणि भरपूर अन्न असते. पायच्या पापुद्र्यात आणि भाज्यांत काय आहे, ते वर लिहिल्याप्रमाणे विचारावे. दादांच्या मधुमेहाला हा पाय झेपणार नाही, तेव्हा एक तुकडा दोघांत घ्यावा.

आणखी एक गोष्ट उपाहारगृहाबाहेरची आहे. आमच्या पूर्वेला प्लांट सिटीच्या शेतांत डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो. महाबळेश्वरची सवय असलेल्यांना वेगळे सांगायला नको. रस्त्याकडेच्या मांडवांतून खोक्याने घ्यावी, आणि जानेवारीत हनीबेल नावाचे, देठाशी उंचवटा असलेले संत्रे दिसले तर तेही घ्यावे. ते थोडेच आठवडे असते आणि इतके रसाळ की मोरीपाशी उभे राहूनच सोलावे लागते.

---

नोंदवही_हॅमिल्टन

खाण्याच्या चर्चेत व्यत्यय आणतो, पण ओंटारियोतून प्रथमच जाणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी मार्गी लावाव्यात.

पहिली विम्याची. ओंटारियोची ओहिप ही सरकारी आरोग्य विमा योजना परदेशातल्या रुग्णालयातील मुक्कामासाठी फार तर दिवसाला ४०० कॅनेडियन डॉलर आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी ५० डॉलरपर्यंतच देते. अमेरिकेतील रुग्णालयाच्या एका रात्रीच्या बिलापुढे ही रक्कम नगण्य आहे. आपणांस मधुमेह असल्यामुळे प्रवास विम्यातील 'स्थिर प्रकृती'ची अट शब्दशः वाचावी. जाण्यापूर्वीच्या ठरावीक काळात औषधाची मात्रा बदलली, कमी केली तरीसुद्धा, अनेक विमा कंपन्या प्रकृती अस्थिर झाली असे मानतात. म्हणून डॉक्टरांकडची तपासणी शरद ऋतूच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. वर्षातले १५३ दिवस ओंटारियोत राहण्याची ओहिपची अट आपल्या तीन महिन्यांना आड येत नाही.

दुसरी सीमेची. कॅनडाचा पासपोर्ट असेल तर व्हिसा लागत नाही, परंतु दोघांपैकी कोणाचा पासपोर्ट भारताचा असेल तर कॅनडाचे कायम रहिवासी असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो. एप्रिल २०२५ पासून, ३० दिवस किंवा अधिक काळ राहणाऱ्या ज्या कॅनेडियन नागरिकांची रस्त्याने येताना आय-९४ ही प्रवेशाची नोंद झालेली नसते, त्यांना अमेरिकन सरकारकडे नोंदणी करावी लागते. गाडीने जाणार असाल तर आय-९४ आधीच ऑनलाइन भरून सीमेवर पूर्ण करून घेणे सोयीचे.

तिसरी कराची. चालू वर्षातले दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली तर अमेरिकन करखाते आपल्याला तिथले रहिवासी मानू शकते आणि मग फॉर्म ८८४० भरून कॅनडाशी असलेले घनिष्ठ संबंध दाखवावे लागतात. दरवर्षी तीन महिने राहिल्यास ही बेरीज १३५च्या आसपास राहते, त्यामुळे आपण निश्चिंत असावे. मुक्काम चार महिन्यांच्या पुढे नेण्याचा मोह झाला तर मात्र दिवस मोजावेत. घरभाड्यावर फ्लोरिडाचा ६ टक्के विक्रीकर आणि त्याशिवाय परगण्याचा पर्यटन कर लागतो, तेव्हा जाहिरातीतला आकडा अंतिम समजू नये.

---

दर्या_हॉलीवूड

मी अटलांटिक बाजूचा असल्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. पोहायचेच असेल तर आमच्या बाजूला यावे. उबदार गल्फ स्ट्रीम प्रवाह जवळून जात असल्यामुळे मायामीच्या आसपास जानेवारीतही पाणी २३-२४ अंश असते. फ्लोरिडातल्याच हॉलीवूड आणि हॅलंडेल भागात हिवाळ्यात क्वीबेकची इतकी माणसे असतात की दुकानांत फ्रेंच पाट्या दिसतात. क्यूबन खाणेही मायामीत अधिक विविध आहे, आणि सलामीशिवायचे सँडविच हेच खरे, असे माझे ठाम मत आहे; मंदाताईंनी क्षमा करावी. घरभाडी मात्र जास्त आहेत, वाहतूक त्रासदायक आहे, आणि अण्णांनी वर्णन केलेल्या कोळ्यांच्या गावासारखे काही आमच्याकडे शिल्लक नाही.

---

मालवणी_मिसिसॉगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या प्रतिसादांवरून आम्ही ब्रेडन्टन-सॅरासोटा पट्टाच निश्चित करत आहोत, आणि चार प्रश्नांची यादी सौभाग्यवतींनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की बोय अख्खा मिळाला तर भाड्याच्या सदनिकेत तो तळणे आणि त्याचे तिखले करणे शेजाऱ्यांना कितपत सोसते? दुसरी शंका 'रेड टाइड'विषयी आहे. त्या काळात समुद्राचा मासा खाऊ नये असे कोणीतरी आम्हांला सांगितले. ते खरे आहे का?

---

किनारी_अण्णा

रेड टाइड म्हणजे करेनिया ब्रेव्हिस या सूक्ष्म शैवालाची अतोनात वाढ. बहुधा उन्हाळा संपताना किंवा शरद ऋतूत ती सुरू होते आणि एखाद्या वर्षी हिवाळ्यातही रेंगाळते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली तर २०१९ च्या आरंभापर्यंत चालली. तिचे विष वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येते, त्यामुळे घसा खवखवतो, खोकला येतो, दमेकऱ्यांना त्रास होतो. राज्याचे वन्यजीव खाते पाण्याच्या नमुन्यांचे नकाशे प्रसिद्ध करते आणि सॅरासोटाची मोट सागरी प्रयोगशाळा प्रत्येक किनाऱ्याची रोजची स्थिती सांगते. सकाळी ते पाहूनच निघावे. एका किनाऱ्यावर खोकला असेल तेव्हा दहा मैलांवर काहीच नसते, कारण सारा खेळ वाऱ्याच्या दिशेचा असतो.

खाण्याचे म्हणाल तर हे विष माशाच्या मांसात साचत नाही, म्हणून पोट साफ केलेला, जिवंत पकडलेला मासा चालतो. बोयची गाबोळी आणि आतडी मात्र त्या काळात टाळावीत. कालवे, तिसऱ्या आणि शिणाणे यांच्या अंगात ते साचते. त्या भागातली शिंपल्यांची काढणी सरकार बंद करते, त्यामुळे परवानाधारक दुकानातला माल सुरक्षित असतो, पण स्वतः गोळा करून खाण्याचा उद्योग करू नये. रेड टाइड असो वा नसो, मधुमेह असणाऱ्यांनी कच्ची कालवे खाऊ नयेत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू यकृताच्या रुग्णांना आणि मधुमेहींना जिवावर बेतू शकतो. लिंबू किंवा तिखट सॉस पिळल्याने तो मरत नाही. शिजवलेली कालवे खुशाल खावीत.

तळण्याविषयी: अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे बाल्कनीत कोळशाची किंवा गॅसची शेगडी चालत नाही. बहुतेक संकुलांत तलावाजवळ सर्वांसाठी ग्रिल असते आणि तिथे मसाला लावलेला मासा भाजायला कोणाची हरकत नसते. उलट माणसे जवळ येऊन विचारपूस करतात, आणि माझ्या तिथल्या बऱ्याच ओळखी याच वासावर झाल्या. घर घेताना लनाई, म्हणजे जाळी लावलेला मागचा व्हरांडा आहे का ते पाहावे, आणि विजेचा तवा तिथे वापरण्याची परवानगी घरमालकाकडून आधीच घ्यावी. तिखले आतल्या चुलीवर झाकण ठेवून केले तर वास फारसा पसरत नाही. आमसुले आणि मसाले टॅम्पातल्या भारतीय दुकानांत मिळतात.

मासळीवाल्याकडे गेल्यावर तो सवयीने काटा काढून, डोके टाकून सपाट तुकडा देतो. 'अख्खा, फक्त खवले आणि पोट साफ, डोके ठेवून, आडवे इंचभर तुकडे' असे सांगावे लागते. पहिल्या वेळी तो दोनदा विचारील. टाकाऊ म्हणून बाजूला काढलेली ग्रूपरची डोकी आणि काटे मागून पाहावेत. काही ठिकाणी ती नाममात्र दरात देतात, आणि सारासाठी त्यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही. मलेटचे ताजे भांडार थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर भरते, कारण थव्यांना हलवणारा तोच वारा असतो. तेव्हा हवामानखात्याने थंडीचा इशारा दिला की दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉर्टेझला फोन करावा.